अनुभव, परिसर आणि स्मृती : मेंदूच्या घडणक्षमतेचा मुंबई उपनगरांच्या संदर्भात एक विचार

गोषवारा

मानवी मेंदू जन्मतः पूर्ण होऊन आलेला अवयव नसून अनुभव व परिसर यांच्या संस्काराने तो आयुष्यभर घडत राहतो, ही बाब विसाव्या शतकातील मेंदूविज्ञानाने प्रयोगांच्या आधारे सिद्ध केली. प्रस्तुत लेखात या घडणीचे स्वरूप, स्मृतीशी असलेले तिचे नाते आणि तिच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत. विवेचनासाठी मुंबई उपनगरांतील डबेवाल्यांच्या स्मरणव्यवहाराचे उदाहरण घेतले असून, उपनगरी महाविद्यालयातील विद्यार्थ्याचा परिसर आणि अध्यापनपद्धती यांच्याशी त्याची सांगड घातली आहे. 'या विद्यार्थ्याला स्मरणशक्तीच नाही' हा शेरा शास्त्रीयदृष्ट्या कितपत टिकतो, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न होय.

बीजशब्द : मेंदूची घडणक्षमता, स्मृती, परिसर, सराव, डबेवाले, अध्यापन

१. प्रस्तावना

सकाळी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर यांसारख्या उपनगरी स्थानकांच्या परिसरात डबेवाले घरोघरून आणलेले डबे उतरवतात आणि पुढील प्रवासासाठी त्यांची वर्गवारी करतात. प्रत्येक डब्याच्या झाकणावर काही खुणा रंगवलेल्या असतात. मधला ठळक आकडा डबा कोणत्या विभागात पोहोचवायचा ते सांगतो. कडेची अक्षरे व आकडे इमारत, मजला आणि वाटप करणारा माणूस यांचा निर्देश करतात. रंग व आकृती यांवरून डबा कोणत्या स्थानकावरून निघाला ते कळते. या खुणांत एक गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे डबा ज्या घरातून उचलला त्या घराचा पत्ता. संध्याकाळच्या आत रिकामा डबा नेमका त्याच घरी परत जातो, कारण तो पत्ता डबा उचलणाऱ्या माणसाच्या स्मरणात असतो.

मुंबईतील डबेवाल्यांच्या व्यवसायाची सुरुवात महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये केली, असे परंपरेने मानले जाते. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचा 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातील सवयीविषयक प्रकरणात त्यांनी मज्जासंस्थेच्या घडणक्षमतेचा विचार मांडला. संस्काराला वश होण्याइतकी मृदू, पण एकदम वश न होण्याइतकी दृढ अशी रचना म्हणजे घडणक्षम रचना, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. त्या काळी हा तर्क होता. आज त्याला भक्कम प्रायोगिक आधार मिळालेला आहे.

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने केवळ माहितीचा नाही. ज्या उपनगरांत शालेय शिक्षण बेताचेच झालेल्या माणसांच्या स्मरणावर रोजचे एवढे मोठे काम चालते, त्याच उपनगरांतील अध्यापक कक्षांत 'या मुलांच्या काही लक्षातच राहत नाही' हे वाक्य वारंवार ऐकू येते. या वाक्यात स्मृती ही कोणाला मिळालेली व कोणाला न मिळालेली जन्मजात देणगी आहे, असे गृहीत धरलेले असते. त्या गृहीतकावरून विद्यार्थ्याविषयीच्या अपेक्षा ठरतात आणि अपेक्षांवरून त्याला मिळणारी संधी ठरते. म्हणूनच ते गृहीतक तपासणे आवश्यक ठरते.

२. घडणक्षमता म्हणजे काय?

मराठीतील मानसशास्त्रविषयक लेखनात या गुणधर्मासाठी 'मेंदूची लवचीकता' हा शब्दप्रयोग रूढ आहे. तथापि लवचीक वस्तू दाब काढताच मूळ आकारात परत येते. मेंदूत अनुभवाचा ठसा मागे राहतो. ओल्या मातीवर कुंभाराच्या बोटांचा राहतो तसा. त्यामुळे या लेखात 'घडणक्षमता' हा शब्द योजला आहे.

मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जातो तो चेतासंधीतून. शिकण्याच्या क्रियेत प्रामुख्याने या संधींचे बळ बदलते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये असे प्रतिपादन केले, की एक पेशी दुसरीला उद्दीपित करण्यात वारंवार सहभागी होत असेल, तर त्या दोहोंमधील दुवा अधिक कार्यक्षम होतो. शेतातून रोज जाणाऱ्या माणसांच्या पावलांनी पायवाट पडावी, तसा हा प्रकार आहे. टिमोथी ब्लिस आणि टेर्ये लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात, ठरावीक विद्युत उद्दीपनानंतर चेतासंधीचे बळ दीर्घकाळ वाढलेले राहते, असे दाखवले. एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया या समुद्री गोगलगाईवर प्रयोग करून अल्पकालीन व दीर्घकालीन स्मृतीमधील भेद पेशीच्या पातळीवर उलगडला. अल्पकालीन स्मृतीत असलेल्याच संधींचे कार्य बदलते. दीर्घकालीन स्मृतीसाठी मात्र जनुकांचे कार्य सुरू होऊन नवी प्रथिने तयार व्हावी लागतात आणि नव्या संधी वाढतात. या कार्यासाठी कँडेल यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या निष्कर्षाचा अर्थ अध्यापकांनी नीट लक्षात घ्यावा असा आहे. टिकाऊ शिकणे ही शरीरात प्रत्यक्ष घडणारी बांधणी आहे. तिला वेळ लागतो, पुनरावृत्ती लागते आणि विश्रांतीही लागते. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण ही बांधणी पुरी करू शकत नाही, याचे कारण विद्यार्थ्याच्या आळसात नसून मेंदूच्या रचनेत आहे.

३. परिसराचा प्रभाव : प्रयोगांचा पुरावा

अनुभवाने मेंदू बदलतो, याचा ठोस पुरावा प्रथम प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाला. १९६० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत मार्क रोझेनझ्वाइग, एडवर्ड बेनेट, डेव्हिड क्रेच आणि मॅरियन डायमंड यांनी उंदरांचे गट केले. काही उंदीर एकेकटे, रिकाम्या पिंजऱ्यात ठेवले. काही उंदीर सोबत्यांसह, शिड्या, चाके व बदलती खेळणी असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवले. समृद्ध परिसरातील उंदरांच्या मेंदूचे बाह्यक अधिक जाड व वजनदार आढळले. मात्र या प्रयोगाचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्याला 'समृद्ध' म्हटले तो पिंजरासुद्धा उंदराच्या नैसर्गिक परिसरापेक्षा गरीबच होता. त्यामुळे या प्रयोगाने महागड्या साधनांचे महत्त्व सिद्ध होण्यापेक्षा वंचिततेची हानी अधिक सिद्ध होते.

त्याच सुमारास डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा जन्मानंतरच्या काही आठवड्यांत बंद ठेवला. पुढे तो उघडल्यावर डोळा शाबूत असूनही मेंदूच्या दृष्टिकेंद्रातील बहुसंख्य पेशी त्याला प्रतिसाद देईनात; त्यांच्यावर उघड्या डोळ्याने ताबा मिळवला होता. प्रौढ मांजरावर तसा परिणाम झाला नाही. यातून संवेदनक्षम कालखंडाची कल्पना दृढ झाली. या संशोधनाला १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या दोन प्रयोगमालिका एकत्र वाचल्या पाहिजेत. दृष्टी किंवा भाषेचे ध्वनी यांसारख्या काही क्षमतांना बालपणीचा काळ निर्णायक असतो. परंतु व्यवसायातील कौशल्य, ज्ञान आणि स्थळांची स्मृती यांबाबत मेंदू प्रौढपणीही घडत राहतो. अठराव्या वर्षी महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याची घडण संपलेली नसते.

४. स्मृती एक नव्हे, अनेक

'स्मरणशक्ती' हा शब्द एकवचनी असला तरी स्मृती एकजिनसी नाही. १९५३ मध्ये एच. एम. या आद्याक्षरांनी पुढे ओळखल्या गेलेल्या अमेरिकन रुग्णाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर नव्या घटना व नवी माणसे त्याच्या लक्षात राहीनाशी झाली. तथापि ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून आकृती गिरवण्याचे काम दिले, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात बसत गेला; आपण हे काम पूर्वी केले आहे याचे स्मरण मात्र त्याला नव्हते. घटना व माहिती यांची स्मृती वेगळी आणि कौशल्याची स्मृती वेगळी, हे यावरून स्पष्ट झाले. 'अंगवळणी पडणे' आणि 'लक्षात राहणे' असे दोन वेगळे वाक्प्रचार मराठीने पूर्वीपासूनच बाळगले आहेत.

हिप्पोकॅम्पसचे आणखी एक कार्य म्हणजे स्थळांची स्मृती. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, उंदीर विशिष्ट जागी आल्यावरच उद्दीपित होणाऱ्या पेशींचा शोध प्रसिद्ध केला. पुढे मे-ब्रिट मोझर व एडवर्ड मोझर यांनी त्याच्या शेजारील भागात जागेचे जणू जाळीदार मोजमाप करणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

माणसाच्या बाबतीत याचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांचा आहे. तेथे परवाना मिळवण्यासाठी सुमारे २५,००० रस्ते व हजारो ठिकाणे पाठ करावी लागतात. एलिनॉर मॅग्वायर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये १६ चालकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा, तर पुढील भाग लहान आढळला. यावर साहजिकच आक्षेप निघाला, की मुळातच असा मेंदू असलेली माणसे या व्यवसायात येत असतील. त्याचे उत्तर कॅथरिन वूलेट व मॅग्वायर यांनी २०११ मध्ये दिले. त्यांनी ७९ उमेदवारांचा प्रशिक्षणापूर्वी व नंतर अभ्यास केला. आरंभी त्यांच्यात व इतरांत फरक नव्हता. पुढे जे ३९ उमेदवार उत्तीर्ण झाले, केवळ त्यांच्याच हिप्पोकॅम्पसच्या मागील भागात वाढ दिसली.

भारतातील एक अभ्यासही येथे उल्लेखनीय आहे. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या सहभागाने झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जेम्स हार्टझेल व सहकाऱ्यांनी वेदपाठी पंडितांच्या मेंदूचे परीक्षण केले. अनेक वर्षे नेमक्या उच्चारांसह पाठांतर केलेल्या या पंडितांत भाषा व स्मृतीशी संबंधित भागांतील करड्या द्रव्याचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. हे परीक्षण एकाच टप्प्यावर झालेले असल्याने कारण व परिणाम यांविषयी त्यातून अंतिम विधान करता येत नाही. परंतु लंडनच्या निष्कर्षांशी ते सुसंगत आहे.

५. डबेवाल्यांचा स्मरणव्यवहार

आता पुन्हा उपनगरी स्थानकाकडे वळू. मुंबईतील डबेवाले प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेले आहेत. २०२० च्या टाळेबंदीपूर्वीच्या दशकात सुमारे पाच हजार डबेवाले दररोज लाखाहून अधिक डबे पोहोचवत असत. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉम्की यांनी २०१० मध्ये या व्यवस्थेवर अध्ययन लिहिले, तेव्हापासून व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत ती वेळ पाळण्याचा आदर्श म्हणून शिकवली जाते. स्मृतीच्या दृष्टीने मात्र तिचा विचार क्वचितच होतो. लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूचे मोजमाप डबेवाल्यांना परस्पर लागू करणे योग्य होणार नाही. तथापि त्यांची कार्यपद्धती आणि स्मृतीविषयीचे प्रस्थापित ज्ञान शेजारी ठेवून पाहिल्यास चार गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली गोष्ट म्हणजे स्मृतीची विभागणी. एक डबेवाला साधारणतः पंचवीस ते तीस घरांचे डबे सांभाळतो. संपूर्ण शहर कोणा एकाला पाठ नसते. डबा कोठे जायचा हे झाकण लक्षात ठेवते, कोठून आला हे माणूस लक्षात ठेवतो, आणि साखळीतील पुढचे काम गट लक्षात ठेवतो. जे बाहेर लिहून ठेवणे सोयीचे ते लिहिले आहे आणि जे रोजच्या वावरातून सहज स्मरणात राहते ते मेंदूवर सोपवले आहे. पिशव्यांचे निरनिराळे रंग व आकारही ओळख पटवण्यास मदत करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे स्थळ व क्रम यांचा आधार. तीस पत्त्यांची यादी कागदावरून पाठ करणे कठीण आहे. तीच तीस घरे एका ठरलेल्या वाटेवर, जिने, वळणे व दारे यांच्यासह लक्षात ठेवणे सोपे आहे. प्रत्येक घर पुढच्या घराची आठवण करून देते. हिप्पोकॅम्पसचे कार्य ज्या प्रकारच्या माहितीसाठी विशेष अनुकूल आहे, त्याच प्रकारात येथे माहिती बांधलेली असते.

तिसरी गोष्ट म्हणजे रोजची आठवण आणि तात्काळ दुरुस्ती. नवा मनुष्य अनुभवी डबेवाल्याबरोबर फिरून वाट व घरे शिकतो. त्याला यादी पुन्हा पुन्हा वाचावी लागत नाही. रोज दुपारनंतर रिकामा डबा हातात घेऊन 'हा कोणाचा?' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. चूक झाली तर ती त्याच दिवशी कळते. म्हणजे त्याची परीक्षा रोज होते, पण ती त्याला नापास करण्यासाठी नसते.

चौथी गोष्ट म्हणजे अर्थ व नाते. एका गटातील माणसे बहुधा एका पंचक्रोशीतील असतात, वारकरी संप्रदायाशी अनेकांचे नाते असते, आणि डब्यामागे कोणाचे तरी जेवण आहे याची जाणीव कामाला अर्थ देते. अर्थपूर्ण माहिती अधिक टिकते, हे स्मृतिसंशोधनाचे जुने सूत्र आहे.

थॉम्की यांच्या निरीक्षणानुसार डबेवाल्यांचे सरासरी शालेय शिक्षण आठवीच्या आसपास होते. ज्यांना शाळेने टिकवून ठेवले नाही त्यांच्या स्मृतीवर शहराने विश्वास टाकला, आणि तो वाया गेला नाही. अशी माणसे शाळेतून लवकर बाहेर पडली याची कारणे गरिबी व स्थलांतर यांत शोधावी लागतात. स्मृतीच्या अभावात ती सापडत नाहीत.

६. घडणीच्या मर्यादा : विशिष्टता, किंमत आणि ऱ्हास

घडणक्षमतेचा अर्थ 'काहीही शक्य आहे' असा घेणे चुकीचे ठरेल. तिला तीन मर्यादा आहेत.

पहिली मर्यादा विशिष्टतेची. अँडर्स एरिक्सन, विल्यम चेस आणि स्टीव्ह फालून यांनी १९८० मध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. आरंभी तो इतरांसारखे सात आकडे क्रमाने सांगू शकत होता. सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ७९ आकडे सांगू लागला. तो धावपटू असल्याने आकड्यांचे गट शर्यतीतील वेळांच्या रूपात लक्षात ठेवत असे. परंतु आकड्यांऐवजी अक्षरे देताच तो पुन्हा सहाच्या आसपास आला. सरावाने त्याची सर्वसाधारण स्मरणशक्ती वाढली नव्हती; एका प्रकारच्या माहितीसाठी एक पद्धत तयार झाली होती. आपल्याकडे पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या जुन्या पिढीचा हिशेब चोख असे; त्यामुळे त्यांचे इतिहासातील सनावळ्यांचे पाठांतरही चोख असेलच असे नाही. या कसोटीवर 'एकूण स्मरणशक्ती' वाढवून देण्याची हमी देणारे वर्ग टिकत नाहीत. मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरला जातो किंवा 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'ने मुले डोळे बांधून वाचू लागतात, या दाव्यांना तर कोणताही शास्त्रीय आधार नाही.

दुसरी मर्यादा किमतीची. लंडनच्या टॅक्सीचालकांत हिप्पोकॅम्पसचा पुढील भाग लहान होता आणि नवीन आकृत्या लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांत त्यांची कामगिरी इतरांपेक्षा कमी होती. एका दिशेने झालेली घडण दुसऱ्या दिशेने थोडे काही घेऊन जाऊ शकते.

तिसरी मर्यादा ऱ्हासाची. बोग्दान ड्रागान्स्की व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तीन महिने तीन चेंडू झेलण्याचा सराव केलेल्या व्यक्तींच्या मेंदूत गतिमान दृश्यांशी संबंधित भागात वाढ नोंदवली. सराव थांबवल्यानंतर ती वाढ पुन्हा कमी झाली. पायवाटेवरची ये-जा थांबली की गवत उगवते. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, डबे थांबले, अनेक डबेवाले गावी परतले आणि पुढे त्यांची संख्या बरीच घटली. एखादा व्यवसाय आक्रसतो तेव्हा उत्पन्नाबरोबर त्या व्यवसायाने घडवलेली स्मृतीही ओसरते. झाकणावरील खुणा संग्रहालयात ठेवता येतील. घराघराची ओळख तेथे ठेवता येणार नाही.

७. उपनगरी विद्यार्थ्याचा परिसर

परिसर घडवतो त्याप्रमाणे बिघडवतोही. मुंबई उपनगरांत ही बाब विशेष लक्ष देण्याजोगी आहे. विमानतळ अंधेरीला लागून आहे, उतरणारी विमाने घाटकोपरवरून जातात, आणि अनेक शाळा-महाविद्यालये लोहमार्ग व द्रुतगती मार्गांच्या कडेला आहेत.

गोंगाटाच्या परिणामाविषयी आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांचा न्यूयॉर्कमधील अभ्यास उद्बोधक आहे. एका शाळेच्या इमारतीला खेटून उन्नत लोहमार्ग होता. मार्गाकडील वर्गांतील मुले शांत बाजूच्या वर्गांतील मुलांपेक्षा वाचनात मागे असल्याचे १९७५ मध्ये दिसून आले. पुढे रुळांखाली रबरी गाद्या व वर्गांत ध्वनिशोषक छत बसवण्यात आले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांतील फरक नाहीसा झाला होता. जर्मनीत म्युनिकचे विमानतळ १९९२ मध्ये एका जागेहून दुसरीकडे हलले, तेव्हा जुन्या विमानतळाजवळच्या मुलांच्या दीर्घकालीन स्मृतीत व वाचनात सुधारणा झाली, तर नव्या विमानतळाजवळच्या मुलांत घसरण झाली. दोन्ही ठिकाणी मुले तीच होती. परिसर बदलला आणि स्मृती बदलली.

ताणाचा परिणामही असाच आहे. कॉनर लिस्टन, ब्रूस मॅकयुएन व बी. जे. केसी यांनी २००९ मध्ये परीक्षेच्या ताणाखालील वैद्यकीय विद्यार्थ्यांचे परीक्षण केले. त्यांची अवधान बदलण्याची क्षमता व तिच्याशी संबंधित मेंदूतील जोडण्या मंदावल्या होत्या. महिनाभराच्या विश्रांतीनंतर त्या पूर्ववत झाल्या. झोपेचे महत्त्व तर जेनकिन्स व डॅलनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते. शिकल्यानंतर झोपलेल्यांच्या लक्षात जागे राहिलेल्यांपेक्षा अधिक राहते. सकाळी सातच्या वर्गासाठी पहाटे उठणारा, लोकलच्या गर्दीत उभा राहून येणारा, दुपारनंतर नोकरी करणारा आणि रात्री एका खोलीत पाच जणांसह झोपणारा विद्यार्थी या सर्व निष्कर्षांच्या छेदबिंदूवर उभा असतो.

तथापि याच परिसराची दुसरी बाजूही आहे. मुलुंड किंवा घाटकोपरमधील सामान्य मूल घरी एक, गल्लीत दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा वापरते. हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाली होती आणि निरक्षरांतही हा फरक आढळला. बाजार आणि व्यवसाय हीदेखील शाळाच असते. मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस व के. सुब्रमण्यम यांनी धारावीतील लघुउद्योगांच्या परिसरात वाढणाऱ्या शाळकरी मुलांच्या गणिती ज्ञानाचा अभ्यास केला. मुलांना कामातून मिळणारे ज्ञान शाळेतील गणिताशी जोडले जाण्याचा प्रश्न त्यातून पुढे आला. विशिष्टतेचे तत्त्व येथेही लागू पडते. जे ज्ञान गाडीवर तयार झाले ते वर्गात आपोआप येत नाही. तो दुवा कोणीतरी बांधावा लागतो.

८. अध्यापनासाठी फलित

वरील विवेचनातून अध्यापनाच्या दृष्टीने पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

(अ) वाचण्यापेक्षा आठवण्याला महत्त्व द्यावे. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. ज्यांनी तो चार सत्रांत केवळ वाचला त्यांना पाच मिनिटांनी ८३ टक्के, तर एका सत्रात वाचून तीन सत्रांत आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के भाग आठवला. आठवड्यानंतर चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के भाग आठवला. तासाच्या आरंभी मागील तासावरचे दोन प्रश्न, बिनगुणांचे, विचारणे एवढा उपाय कोणत्याही वर्गात शक्य आहे. डबेवाल्याच्या 'हा कोणाचा?' या प्रश्नाचेच ते वर्गातील रूप होय.

(आ) उजळणी विखुरलेली असावी. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले, की एकाच बैठकीतील सरावापेक्षा अनेक दिवसांत विभागलेला सराव अधिक टिकतो. सत्र परीक्षेच्या शेवटच्या पंधरवड्यात सारा भार टाकणारे वेळापत्रक या तत्त्वाच्या विरोधात जाते.

(इ) पाठांतर आणि घोकंपट्टी यांत भेद करावा. पाठांतरात लय, क्रम, अर्थ व दुरुस्ती असते. घोकंपट्टीत यांपैकी काहीही नसते. दोहोंना एकाच तराजूत तोलून पाठांतराचाच त्याग करणे योग्य नव्हे.

(ई) बाह्य खुणांना स्मृतीचा भाग मानावे. आराखडा, तक्ता, फलकावरील ठरावीक जागा आणि गटातील कामाची वाटणी यांमुळे मेंदूवरील अनावश्यक भार हलका होतो.

(उ) परिसर हा शैक्षणिक प्रश्न मानावा. लोहमार्गाकडील खिडक्या, वर्गातील आवाज, वाचनालयाची वेळ आणि पहिल्या तासाची वेळ यांचे निर्णय प्रशासकीय वाटतात. प्रत्यक्षात ते स्मृतीविषयीचे निर्णय असतात. ज्या विद्यार्थ्याला घरी शांत जागा नाही त्याच्यासाठी रात्री उशिरापर्यंत उघडे असलेले वाचनालय हीच समृद्ध परिसराची व्याख्या होय.

येथे एक धोकाही नमूद केला पाहिजे. 'मेंदू घडतो' या विधानाचा विपर्यास करून सारी जबाबदारी विद्यार्थ्यावर ढकलणे सोपे आहे. सराव केला असता तर जमले असते, असे सांगून गोंगाट, निद्रानाश व दारिद्र्य यांकडे डोळेझाक करता येते. घडणक्षमतेचे विज्ञान त्याच्या नेमके उलट सांगते. मेंदू परिसराला वश होतो. म्हणून परिसराची जबाबदारी ज्यांच्या हाती तो आहे त्यांच्याकडे जाते.

९. समारोप

आनुवंशिक भेद नाकारण्याचे कारण नाही. सर्वांची स्मृती सारखी नसते आणि सरावाने ती सारखी होतही नाही. परंतु अनुभवाच्या मागणीनुसार मेंदू प्रौढपणीही बदलतो. तो बदल त्या मागणीपुरता विशिष्ट असतो. मागणी संपली की तो ओसरतो. आणि गोंगाट, ताण व अपुरी झोप त्याला बाधा आणतात, या चार गोष्टींना पुरेसा आधार आहे. या प्रकाशात 'स्मरणशक्तीच नाही' हा शेरा विद्यार्थ्याच्या मेंदूविषयी फारसे काही सांगत नाही. त्याच्याकडून आजवर काय, किती वेळा आणि कोणत्या परिस्थितीत आठवून घेतले गेले, हा खरा प्रश्न आहे.

डब्याच्या झाकणावर घराचा पत्ता नसतो, कारण तो लक्षात ठेवणारा माणूस आहे यावर सर्व साखळीचा भरवसा असतो. त्या माणसाला तसे घडवण्यासाठी त्याच्याबरोबर काही काळ वाट चालणारा अनुभवी सोबती लागला होता. महाविद्यालयात ती जागा अध्यापकाची आहे.